क्लोरीन कुठवर जाईल

मुलुंडच्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. एका दुपारी क्लोरीनच्या सिलिंडरची झडप तडकली.

"थोडी गळती आहे, चाळीतल्यांना कशाला घाबरवायचं?" मॅनेजर म्हणाले.

पण झडपेवर बर्फ जमला होता, म्हणजे आतला द्रवच बाहेर येत होता. त्याचा वायू खूप होणार, आणि वारा मागच्या चाळीकडे होता. मी पळत जाऊन दारं ठोठावली.

"टेकडीवर चढा, नाल्याकडे उतरू नका. हा वायू जड असतो, खाली साचतो."

"चुलीवर भात आहे," एक बाई म्हणाली.

"राहू दे."

टेकडीवरून आम्ही पाहिलं. पिवळट हिरवा थर नाला भरून चाळीच्या पायऱ्यांवर चढला होता. ती बाई पोरांना मोजत होती. सगळी होती.