वाढ, बस आणि गुड्डीची पंगत

आमच्या बालगृहात किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. दुपारचे घासून पालथे घालावेत, तर संध्याकाळी नळाखाली पुन्हा ढीग! माझा नवरा म्हणतो, "तुमच्याकडे दुसरं काही घडतच नाही का? जे ते जेवणाचंच!" आता त्याला काय सांगू? पोरगं नवीन आलं की त्याचं आणि आमचं पहिलं भांडण ताटावरच होतं.

वऱ्हाडातल्या मालेगावपासून थोडं आत आमचं बालगृह. मी तिथली अधीक्षिका. काही मुलांना कोणीच नाही, काहींचे आईबाप कामासाठी लांब गेलेले. काही मुलं पळतात, काही रांगतात, काही बोलत नाहीत. छप्पर सगळ्यांना एकच. स्वयंपाकघर केनवडच्या कांताबाईंचं. आवाज असा खणखणीत, की त्यांनी "जेवाले चला!" म्हटलं की रस्त्यावरचा मोटरसायकलवालाही ब्रेक मारतो.

आणि गुड्डी. लहानखुरी पोरगी, हातपाय ताठर, मान डुगडुगती, तोंडातून शब्द नाही. पण कुठे ताटली पडली की खदखदून हसते. खालचे सगळे किस्से तिच्या आसपासचेच आहेत.

*

नवे डॉक्टर मुलांना तपासायला आले. गुड्डीला वजनकाट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हिची वाढ होत नाहीये."

कांताबाई दारातच उभ्या होत्या. झालं! "कोन म्हंते वाढत नाई? मी सोता वाढतो तिले! सकाळी वाढतो, दुपारी वाढतो, उरलं तं परतून वाढतो!"

"अहो बाई, मी शरीराची वाढ म्हणतोय."

"मंग ताटात वाढल्याबिगर आंगावर कशी वाढन?"

डॉक्टर हसले. मग मला बाजूला घेऊन बोलले, तेव्हा हसत नव्हते. गुड्डीला गिळताना ठसका लागायचा. अन्न श्वासनळीत जाण्याची भीती होती. पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी सांभाळायला आमच्याकडे नर्स नाही, म्हणून तिला लांबच्या शहरातल्या मोठ्या संस्थेत हलवावं लागेल.

मला राग आला. डॉक्टरांचा नाही, त्या काट्याचा. मी म्हणाले, "गुड्डी कुठेही जाणार नाही. इथंच जेवेल, आणि पंगतीत जेवेल."

कांताबाई मागून पुटपुटल्या, "म्याडम हट्टाले पेटल्या. आता आपलं काई खरं नाई!"

*

गुड्डीचं जेवण तोवर असं असायचं. वरण, भात, भाजी, सगळं एकत्र मिक्सरमधून काढायचं, पातळ करायचं आणि तिला मांडीवर आडवं घेऊन तोंडात सोडायचं. अर्धं गळ्यात जाई, अर्धं गळ्यावर.

मी ती वाटी ऑफिसात आणून ठेवली. रंग सिमेंटचा. म्हटलं, "जे पोरीला देतो ते आधी आपण खायचं. घ्या चमचे!"

एक शिक्षिका म्हणाली, तिला चतुर्थी आहे. दुसरीला सोमवार निघाला. आमचे शिपाई वाघमामा, ज्यांनी जन्मात उपास केला नाही, तेही पोटावर हात ठेवून म्हणाले, "म्याडम, मले बी आज काई तरी हाये!"

मी एकटीनं एक चमचा खाल्ला. दिवसभर जिभेवरून चव गेली नाही, कारण चव नव्हतीच!

दुसऱ्या दिवशी मिक्सर वरच्या फळीवर गेला. कांताबाईंनी अंबाडीची भाजी कण्या घालून घट्ट शिजवली, गुड्डीसाठी वेगळी काढून गुठळी राहणार नाही इतकी घोटली आणि वरून लसणाची फोडणी गाळून घातली. चमच्याचं टोक तिच्या ओठाला लावलं. गुड्डीनं आंबट तोंड केलं, डोळे मिचकावले, सगळा चेहरा गोळा केला. आम्ही म्हटलं, गेलं! तेवढ्यात तिनं तोंड उघडलं. चांगलं मोठं!

"वऱ्हाडातली पोरगी हाये," कांताबाई म्हणाल्या, "तिले का दवाखान्याचं जेवन आवडन?"

*

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या थेरपिस्ट ताईंनी शिकवलं होतं, की गुड्डीला आडवं घेऊन भरवायचंच नाही. सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून, आणि गिळल्याशिवाय पुढचा घास नाही. सरळ बसवायला खुर्ची हवी. सुतारमामांनी छान खुर्ची केली. पाठीला टेका, बाजूला हात, समोर फळी, कमरेला पट्टा.

पंगत आमची जमिनीवर. सगळी पोरं खाली आणि मधोमध गुड्डी उंच खुर्चीत! शीतल नावाची एक तोंडाळ मुलगी आहे, आईबाप ऊसतोडीला जातात तिचे. ती ओरडली, "पाहा वं, गुड्डी सरपंच झाली!" पोरं भाषण ऐकायला बसल्यासारखी तिच्याकडे माना वर करून बघत राहिली. गुड्डीला तर समोरच्या फळीमुळे खाली कोणाचं तोंडही दिसेना.

मी सुतारमामांना परत बोलावलं. "पाय कापा."

"कोनाचे?"

"खुर्चीचे!"

मामा दुखावले. "म्याडम, खुर्चीचे पाय कापले तं मंग ते खुर्ची कायची?"

"पंगतीची!" मी म्हणाले.

त्यांनी कापले, पण करवत चालवताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. गुड्डी खाली आली आणि शीतलच्या खांद्याला तिचा खांदा लागला. मला फार बरं वाटलं.

*

खुर्ची झाली, भाजी झाली, तरी गुड्डी दोन घासांनंतर तोंड मिटायची. ओठ घट्ट, मान फिरवलेली. काही केल्या उघडेना. असं बरेच दिवस चाललं. डॉक्टरांची तारीख जवळ येत होती आणि कांताबाई माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या.

एका दुपारी कांताबाई भरवत होत्या. गुड्डी पट्ट्यातून घसरायची, त्या सरळ करायच्या. "बस माय, बस. नीट बस. बस!"

शेजारून शीतल म्हणाली, "काकू, तुमीच तं तिले बस म्हणून राह्यल्या. मंग ते खाईन कशी?"

कांताबाईंचा चमचा हवेतच राहिला.

आमच्या पंगतीत वाढणारा पुढे आला की पोरं ताटावर हात आडवा धरून ओरडतात, "बस! बस!" गुड्डी हे रोज ऐकत होती. 'बस' म्हणजे पुरे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोठ्या माणसांनी पुरे म्हटल्यावर शहाण्या मुलीनं तोंड मिटायचं, तर ती मिटत होती!

तिच्या कागदावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'आकलन नाही'. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. आनंदानं रडले आणि रागानंही.

तेव्हापासून गुड्डीला आम्ही "टेक" म्हणतो. "टेक माय, टेक." आणि पंगतीत चुकून कोणी "बस" म्हटलं, तर पोरंच त्याच्यावर धावून जातात, "पुरे म्हन ना बे!"

*

शीतलच्या अंगात रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळी रोज हातात दिली जायची, शीतल रोज आंबट तोंड करून पाणी प्यायची. आणि अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत एके दिवशी वाघमामांना गोळ्यांचं शेत सापडलं!

"तुळशीले रगत चढवून राह्यली काय वं?" कांताबाईंनी कान धरला.

मी म्हटलं, आता माझ्यासमोर घ्यायची. शीतल हटून बसली. मग तिनेच तोडगा काढला. "गुड्डीनं पयला घास गिळला, तं मी गोळी गिळीन."

तेव्हापासून शीतल तळहातावर गोळी घेऊन गुड्डीच्या गळ्याकडे टक लावून बसते. आणि गुड्डी तिच्याकडे बघत घास तोंडात घोळवत राहते, मुद्दाम! शीतल चिडून लाल झाली की मगच गिळते आणि खदखदून हसते.

*

एका भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ पुढारी. कार्यकर्ते, फोटोग्राफर आणि बुंदीच्या लाडवांची टोपली घेऊन आले. मी म्हटलं, "आमच्याकडे जे येतं ते सगळ्यांना खाता आलं पाहिजे. गुड्डीला कोरडा लाडू चालत नाही."

"मंग तिले फोटोत घेऊ," भाऊ म्हणाले.

"फोटोत नको, पंगतीत घ्या. लाडू दुधात घोटा आणि तुम्हीच भरवा."

कार्यकर्ते एकमेकांकडे बघू लागले. भाऊंना मात्र ते आव्हान वाटलं. बाह्या वर सारल्या, मांडी घातली, कांताबाई होकारार्थी मान हलवेपर्यंत लाडू घोटला आणि पहिला घास दिला. दुसरा द्यायला गेले तर कांताबाईंनी मनगट धरलं. "थांबा! गिळू द्या."

भाऊ थांबले. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच. गुड्डी सावकाश घोळवत होती. फोटोग्राफर कंटाळला. "भाऊ, आटपा ना, पोहरादेवीले दुसरा कार्यक्रम हाये!"

भाऊ मान न वळवता डाफरले, "चूप बे! ते गिळून राह्यली अजून!"

*

तपासणीचा दिवस उजाडला. गुड्डीला सगळ्यात जाड फ्रॉक घातला होता, वर स्वेटर. ऊन चटका देत होतं! डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं आणि डोळे विस्फारले. एवढी वाढ? त्यांनी स्वेटर काढला, मग फ्रॉकचा खिसा चाचपला आणि आतून खलबत्त्यातला बत्ता बाहेर काढला.

"हा कोणाचा?"

शीतल छताकडे बघायला लागली. "माया बत्ता!" कांताबाई किंचाळल्या. "सकाळपासून धुंडून राह्यली मी!"

डॉक्टरांनी बत्ता टेबलावर ठेवला, गुड्डीला पुन्हा काट्यावर ठेवलं. त्यांनी काटा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"वाढलंय," ते म्हणाले. "बत्त्याशिवाय वाढलंय. नळीचं आता राहू द्या."

पोरांनी असा गलका केला की काही ऐकू येईना. त्या गलक्यात गुड्डीनं तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. ही मुलगी आमच्याकडे आल्यापासून दुखलं तर कण्हायची, पण अशी कधी रडली नव्हती. डॉक्टर घाबरले. पोट दाबून बघितलं, कान बघितले, घसा बघितला. रडणं थांबेना, उलट वाढलंच. दाराकडे बघून, हात आपटून आपटून रडत होती.

शीतल पुढे झाली. "सायेब, काई झालं नाई तिले. जेवाची येळ टळली ना तुमच्यापायी! भूक लागली तिले."

स्वयंपाकघराकडून भांड्यांचा धडाधड आवाज आला. कांताबाई एका हातात ताट, दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावत धावत येत होत्या आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडत होत्या, "रड माय, रड! जोरात रड! आली मी!"