कोरेगाव ते विटा, दगडासह

आमची जीप कोरेगावातून निघाली तेव्हा नुकतं उजाडत होतं. मागच्या सीटवर मी, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा पितळी डबा आणि पायाशी एक दगड. विट्याला दिलेल्या आमच्या सुमनला सातवा महिना होता. तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं.

जीप पलटणीच्या लिलावातली. हे पलटणीत ड्रायव्हर होते, म्हणून त्यांना ती जुनी वाटत नाही. पावसात, थंडीत, कधीही सुरू होते. तक्रार सुरू होण्याची नाही, उभं राहण्याची आहे. हातब्रेक लागत नाही. चढावर थांबलो की मी उतरून चाकामागं दगड लावायचा. मिस्त्रीकडे न्या म्हटलं की हे म्हणत, "दगड फुकट हाय. हातब्रेकला खर्च हाय." दिवाळीत मात्र जीपला नवा रंग आणि नवा भोंगा आला.

रहिमतपुरात चहा घेतला. निघताना ह्यांनी भोंगा वाजवला. माळवं (भाजीपाला) विकणाऱ्या बायका माझ्याकडंच बघू लागल्या. मी लाजून घाईनं चढून बसले. चाकामागचा दगड तिथंच राहिला.

पुसेसावळीच्या पुढं उघडं रान, कुसळं आणि मेंढरं. एका चढावर इंजिनाचं पाणी उकळलं. हे ब्रेकवर पाय देऊन ओरडले, "दगड लाव!" दगड नव्हता, म्हणून मी डबा लावला. दगड लागला असं समजून हे खाली उतरले. जीप जरा थांबली, कारण लाडू कडक झाले होते. मग डबा चपटा करून मागं गेली आणि एका बाभळीवर आदळली. मागची सीट वाकली. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. येताना सुमन बसणार होती.

मेंढरं राखणारे एक म्हातारबा दगड घेऊन आले.

"डायवर लय हुशार दिसत्यात," ते मला म्हणाले. "गाडीच ऐकत न्हाई."

हे रेडिएटरमध्ये पाणी ओतत राहिले.

विट्यात व्याह्यांनी डबा हातात घेऊन विचारलं, "ह्ये काय?"

"ही दगड विसरली," ह्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुमन पिशवी घेऊन जीपकडं निघाली. व्याह्यांसमोर मी कधी बोलत नाही. तरी पदर ओढून घेतला आणि मी म्हणाले, "आवं, हातब्रेक झाल्याबिगर लेक बसायची न्हाई."

"मग काय चालत न्यायची?"

"यष्टीनं नेते. तुमी भोंगा वाजवत मागनं या."

व्याही खोकण्याच्या निमित्तानं वळून हसले. ह्यांनी जीप मिस्त्रीकडं नेली.

दुपारी निघालो. जाताना जो चढ होता, त्याच उतारावर ह्यांनी मुद्दाम गाडी थांबवली, हातब्रेक ओढला आणि दोन्ही हात वर केले. जीप जागची हलली नाही. सुमन हसली. मी तरी उतरले आणि म्हातारबांचा दगड चाकापुढं लावला.

"आता कशाला?"

"असू द्या."

कोरेगावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुमनला हात धरून उतरवलं. हे खर्चाबद्दल जेवेपर्यंत बोलत होते आणि मी ऐकत होते. हातब्रेक चांगला झालाय, पण तो कधी ना कधी पुन्हा झिजणार. दगड मी सीटखालीच ठेवलाय.