पिंपाचं दावं

“पिंपं सारे घेऊन जा बाई, पन दावं मी कोनाले देत नसतो,” कडूबा पुण्याहून आलेल्या प्रेरणाला म्हणाला, आणि त्याच्या पोरानं, गोपालनं, कपाळाला हात लावला. झालं. हेही गिऱ्हाईक गेलं.

कडूबाची हयात मोताळ्याच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेली होती. बैलांचा धंदा बसला त्या वर्षी खामगावच्या रस्त्यावरचा एक बिअरबार मोडीत निघाला. तिथली ड्राफ्ट बिअरची सहा पोलादी पिंपं, नळ आणि गॅसचं सिलिंडर कडूबा टेम्पोत घालून घरी घेऊन आला. काऊन आणले, असं बायकोनं, शालूबाईनं, विचारलं तर म्हणे, “उन्हात उभे होते बिचारे.” चहापलीकडे कधी काही न प्यालेल्या या माणसानं पिंपं रिकाम्या गोठ्यात नेऊन गव्हाणीकडे तोंड करून ओळीनं उभी केली.

घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांना असलं जुनं सामान लागतं, हे गोपालला फोनवर कळलं. त्यानं जाहिरात टाकली. मजकूर बापाचा: ‘सहा नग. अंगानं भरलेले. मारके नाहीत. बसायची खोड नाही.’

नाशिकचा एक आला, नागपूरचा एक आला. दोघंही चिडून परत गेले. कारण इकडे जनावर विकताना दावं विकणाऱ्याकडेच राहतं. ते गेलं की गोठ्याची बरकत गेली. आणि पिंपाच्या मानेवर बसणारा पितळी कपलर, त्याला जोडलेली लांब नळी, हे कडूबाच्या लेखी दावंच होतं. त्यानं ते खुंटीला टांगून ठेवलं होतं. त्याच्याशिवाय पिंपातून थेंबही निघत नाही, आणि त्या जुन्या घडणीचा कपलर आता कुठं मिळत नव्हता.

गोपालचा जीव मात्र म्हशीत अडकला होता. त्यानं घेतलेली म्हैस आज-उद्या व्याणार होती, आणि गोठा पिंपांनी अडवल्यामुळे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

प्रेरणानं बाकी सगळं निमूटपणे केलं होतं. पिंपांच्या पोटावर थापा मारल्या. बैलबाजाराच्या रीतीनं उपरण्याखाली हात घालून बोटं धरून सौदाही केला. आता ती खुंटीकडे बघत होती.

“बाबा, लोखंड हाय ते,” गोपाल म्हणाला. “त्याले काय कळते?”

“बैलाले तरी काय कळे? कळाचं आपल्याले असते.”

“म्हैस अंगनात व्याली तरी चालीन,” शालूबाई दारातून कडाडली, “पन ह्यायचं दावं शाबूत राह्यलं पायजे!”

प्रेरणानं विचारलं, “काका, घेणाऱ्यानं काय करायचं असतं?”

“आपलं दावं आनाचं. सुताचं आना, नायलॉन काचते.”

ती गाडी घेऊन गेली. गेलीच, असं गोपालनं धरलं. पण तासाभरात ती सुती दाव्यांचा जुडगा घेऊन आली आणि एकेका पिंपाच्या मानेला बांधू लागली. हिचंही डोकं फिरलं, गोपालला वाटलं. कडूबानं मात्र मागोमाग फिरून गाठी तपासल्या. एक सोडून पुन्हा बांधली.

“आता यांना दावं आहे ना?” प्रेरणानं विचारलं.

“हाव.”

“मग खुंटीवर आहे ते काय?”

कडूबानं खुंटीकडे पाहिलं. उभ्या बाजारात त्याला असं कुणी अडवलं नव्हतं.

“ते...” तो हळूच म्हणाला, “तोंड हाय त्यायचं.”

“बिनतोंडाचं जनावर विकता का तुम्ही?”

बाहेर म्हैस मातीत बसली आणि कण्हत उठली. शालूबाई तिकडं धावली.

कडूबानं कपलर खुंटीवरून काढला, उपरण्यानं पुसला आणि पहिल्या पिंपाच्या मानेवर बसवला. मग त्यानं नवी दावी एकेक करून सोडली. प्रेरणा काही बोलणार, तोच गोपालनं हात जोडून तिला थांबवलं. “दावं मी कोनाले देत नसतो,” म्हणत सगळी दावी खांद्यावर टाकून कडूबा गोठ्याबाहेर पडला.