बांधावरचे बूट

पोशीरच्या चांगो आणि नागू या दोन भावांचं भांडण झालं ते वालावरून. साऱ्या आळीनं ते ऐकलं. मुद्दाम ऐकायला कुणी गेलं नव्हतं. कुडाची घरं असली की मुद्दाम जावं लागत नाही. पाखडायला बसलेल्या बायांनी सुपं जरा हळू हलवली, एवढंच.

"वालाचं शेत हाय ते, दादा!" नागू ओरडत होता. "भात कापून झाला, ओल निघून चाललीय, आन् तू म्हणतोस पेरायचं नाय?"

"नाय पेरायचं."

"का तर वयनीच्या भाच्याला तितं चेंडू खेळायचाय!"

"तो एकटा खेळत नाय. अख्खी युनवरशिटी खेळते."

"तुझ्या युनवरशिटीला आमटीत टाकू काय? गेल्या साली माझ्या पोरांनी मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावली ती उसन्या शेंगांवर. लोकांच्या दारात शेंगा मागत फिरली पोरं. वाल पेरायच्या जागी तू पोरं पेरतोस काय रं?"

चांगोच्या बायकोची, सोनुबाईची, तीन बाळंतपणं मातीत गेली होती, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. नागूलाही आपण काय बोललो ते कळलं असणार. पण उतारावर सुटलेली गाडी आणि नागूची जीभ, दोन्ही सारख्याच. थांबायचं म्हणून थांबत नसत.

"आन् वर खळ्याचा नेम लावून त्यांना अनवाणी पळवतोस. उद्या कुणाच्या पायात काय घुसलं म्हंजे? तवा कुणाच्या नावानं बोंबलशील?"

"खळं ते खळं," चांगो म्हणाला, आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

ते साल एकेचाळीस. तो खेळ पोशीरला आला कसा, ते सांगायला एक साल मागं जायला हवं.

सोनुबाईचं माहेर खालापूरकडचं. तिच्या भावाचा मुलगा बुधाजी मुंबईला कॉलेजात शिकत होता. त्या घरातून इतकं शिकलेला तो पहिलाच. त्यामुळे त्याची आई त्याच्याशी बोलताना डोक्यावरचा पदर सारखा करायची, आणि तो चिडायचा. कॉलेजांतल्या पोरांचा मिळून युनिव्हर्सिटीचा एक संघ होता, बेसबॉल खेळणारा. कुणा अमेरिकन मास्तरानं त्यांना तो खेळ शिकवला आणि मास्तर परत आपल्या देशाला निघून गेला. मग लढाई लागली. पोरं खेळायची ते मैदान लष्करानं घेतलं, तंबू ठोकले. संघ होता, पण उभं राहायला जागा नाही. तेव्हा बुधाजी म्हणाला, "चला माझ्या आतेकडे. भात कापला की आमच्याकडे जिकडं बघाल तिकडं मैदानच."

रविवारी सकाळच्या गाडीनं पोरं नेरळला उतरायची आणि चांगो बैलगाडी घेऊन स्टेशनाबाहेर उभा असायचा. आतेच्या नवऱ्याला तिकडं मामाच म्हणतात. बुधाजी म्हणायचा, म्हणून सगळीच मामा म्हणायला लागली. त्यात एक पारशी होता, एक मद्रासकडचा होता. तेही मामा. ज्या घरात आजवर आई म्हणून एकानं हाक मारली नाही त्या घरात "आते, पाणी! आते, कांदा!" असा गलका व्हायला लागला. सोनुबाई कपाळाला हात लावायची आणि हांडा भरायला पळायची.

जागा सारखी करून द्या, असं पोरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. चांगोला सारखी जागा म्हणजे खळं, दुसरं माहीत नव्हतं. त्यानं धसकटं खणून काढली, माती भिजवली, धुमसानं चोपली, शेणानं सारवली आणि मधोमध तिवडाही रोवला, बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. पोरं आली आणि बघतच राहिली.

"मामा, हा खांब कशाला?"

"खळ्याला तिवडा लागतो."

"पण चेंडू इथूनच फेकायचा असतो!"

तिवडा निघाला. तेवढं चांगोनं ऐकलं. पण पोरं बुटांसकट आत शिरायला लागली तेव्हा तो हात पसरून बांधावर आडवा उभा राहिला. खळ्यात लक्ष्मी उतरते. तिथं वहाण नेत नाहीत. त्याच्या बापानं नेली नव्हती, आज्यानं नेली नव्हती, तर युनवरशिटी कोण लागून गेली? पोरं हसली, कुरकुरली आणि बूट काढून बांधावर ओळीनं मांडून आत गेली. मग तो नेमच झाला. पुढं मुंबईत सामने झाले तिथंही ती अनवाणीच उतरली. समोरचे चिडवायचे, "भात झोडायला आलात काय?" त्यातल्या एका सामन्यात यांनी त्यांना खरोखरच झोडलं, आणि पुढच्या रविवारी चांगोला पेढे आणून दिले.

सोनुबाईला खेळ कळला तो असा, की एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं मुसळासारख्या दांडक्यानं तो टोलवायचा आणि चार कोपरे शिवत पळत सुटायचं.

"पळून जायाचं कुठं?" तिनं बुधाजीला विचारलं.

"जिथून निघालो तिथंच, आते."

"मंग निघायचंच कशाला रं, मुडद्या? बसून ऱ्हायचं व्हतं."

बुधाजी इतका हसला की त्याच्या हातातली भाकरी खाली पडली. तो फेकणारा. पाय उंच उचलून, अंगाला पीळ देऊन असा काही चेंडू सोडायचा की समोरचा दांडकं फिरवीपर्यंत तो मागच्याच्या हातात जाऊन बसलेला असायचा. चांगो बांधावर बसून बघायचा. खेळातलं त्याला तेवढंच कळायचं आणि तेवढंच पुरायचं.

दोन हिवाळे असे गेले. भांडण झालं ते दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाला. त्यानंतर दोघे भाऊ एका अंगणात राहून सोनुबाईच्या मार्फत बोलायचे. "वयनी, दादाला सांग, बैल सुटलाय." दादा चार हातांवर उभा.

मग बेचाळीसच्या भर पावसात चळवळ पेटली. बुधाजीनं कॉलेज सोडलं, तारा तोडणाऱ्यांत सामील झाला आणि डोंगरात गेला. संघातली दोघं-तिघं तुरुंगात गेली. पोलीस खालापूरला त्याच्या बापाकडे येऊन गेले, मग पोशीरलाही आले. सोनुबाईनं त्यांना ताक दिलं आणि भाचा कुठं आहे ते खरोखरच माहीत नसल्यामुळे खरंच सांगितलं.

त्या साली भात कापून झाला. खेळायला कुणी येणार नव्हतं. तरी चांगोनं माती भिजवली, चोपली, सारवली. नागूनं कुडाआडून पाहिलं आणि या खेपेला तो काहीच बोलला नाही.

कार्तिकातली गोष्ट. दिवस कलायला आला होता. चांगो शेवटचा कोपरा सारवत होता आणि बांधावर कुणीतरी उभं दिसलं. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पायात जाड बूट.

"मामा, यंदापण केलंस?"

चांगोचे हात शेणानं भरलेले. त्याला धावत जाऊन पोराला पोटाशी धरायचं होतं. पण माणसाच्या तोंडात सवयीचं तेच आधी येतं. तो म्हणाला, "वहाणा काढ रं. आत्ताच सारवलंय."

बुधाजी हसला. बूट काढून त्यानं नेहमीच्या जागी ठेवले आणि ओल्या शेणाच्या कडेकडेनं मधोमध गेला. ढेकूळ उचललं, पाय उंच केला, अंगाला पीळ दिला आणि फेकलं. ढेकूळ पार पलीकडच्या बांधावर जाऊन फुटलं.

"आते बरी हाय?"

"घरी चल. भाकरी खाऊन जा."

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं नागू पळत आला. धोतर वर खोचलेलं, दम लागलेला. वर्षानं तो भावाशी थेट बोलला. "दादा, पोलीस आळीत शिरलंत. पळव त्याला."

बूट रस्त्याच्या बांधावर. डोंगर दुसऱ्या अंगाला. बुधाजी बुटांकडे वळला तसा चांगो ओरडला, "ऱ्हाऊ दे बूट! पळ!"

तो पळाला. कापलेल्या शेतांतून, धसकटांतून, चेंडू टोलवल्यावर पळायचा तसाच. चांगो आणि नागू बघत राहिले, तो करवंदीच्या जाळीआड जाईपर्यंत. मग नागूनं ते बूट उचलून शेतात पडलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यात खुपसले, भारा डोक्यावर घेतला आणि पोलिसांच्या समोरून घरी गेला.

पंधरवड्यानं डोंगरावरच्या वाडीतला एक ठाकर आला आणि अंगणात उकिडवा बसला. पाणी दिलं तर घेईना. मान खाली घालून त्यानं सांगितलं. पळताना पोराच्या टाचेत बैलाच्या नालेचा गंजका खिळा गेला होता. त्यांनी काढला, पाला बांधला. चार दिवस बरा होता, पोरांना चेंडू फेकायला शिकवत होता. मग दातखीळ बसली. अंगाची कमान झाली. डॉक्टरकडे न्यायचं तर खाली पोलीस. धनुर्वातानं पोर गेलं.

चांगोनं त्याच दिवशी सोनुबाईला सगळं सांगितलं. "मीच काढायला लावलं बूट. आन् मीच म्हनलं, ऱ्हाऊ दे."

ती चुलीपुढं बसली होती. जाळ विझेस्तोवर बसली. मग म्हणाली, "खळ्यावर माझा बापपण वहाणा काढायचा." पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही.

तिनं सोडवलं, पण चांगो काही सुटला नाही. त्याचे कान लागले होते नागूच्या तोंडाकडे. उद्या कुणाच्या पायात काय घुसलं म्हंजे, हे साऱ्या आळीनं ऐकलं होतं. आता नागू म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? एकदा म्हणाला की आपण खाली मान घालू, ऐकून घेऊ आणि मोकळं होऊ. पण ज्याला जीभ आवरत नव्हती तो नागू आताच शहाणा झाला. बैल जुंपताना काही नाही, जेवताना काही नाही. शेवटी चांगोच एकदा त्याच्या वाटेत उभा राहिला.

"बोल ना रं."

"काय बोलू?"

"तुला ठावं हाय काय ते. बोल एकदाचं."

नागूनं खांद्यावरचं घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"ओल हाय अजून थोडी," तो म्हणाला. "वाल पेरू?"

आणि चांगो तिथंच, भर रस्त्यात, रडला.

वाल पेरला तो नागूनंच. चारही कोपऱ्यांवरून नांगर फिरवला. पण मधला तुकडा, जिथून बुधाजी फेकायचा तो, त्यानं सोडून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. पुढं दरसाल तो तसाच सोडला गेला, आणि चांगो दरसाल तेवढाच सारवायचा. चोहोबाजूंनी वालाचे वेल आणि मधे परातीएवढी... परातीएवढी कसली, चांगली दोन माणसं बसतील एवढी सारवलेली जागा. परगावचा माणूस विचारायचा, हे काय? गावातला म्हणायचा, खळं हाय. आणि विषय बदलायचा.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात संघातली चार पोरं एका रविवारी आली, पारशी त्यात होता. त्यांनी बांधावर बूट काढले, वेलांतून वाट काढत मधे गेली, उभी राहिली आणि परत आली. संघ मोडला, म्हणाली. सोनुबाईनं त्यांना वालाचं बिरडं वाढलं. पारशी पोरगा जेवताना रडला आणि तिखट लागलं म्हणाला. बिरड्यात गूळ होता. त्यानंतर कुणी आलं नाही.

आता राहिले बूट. ते चांगोनं घरात कोनाड्यात ठेवले होते. रविवार आला की तो त्यांना करंजाचं तेल चोळायचा, सकाळी शेतावर न्यायचा, बांधावर नेहमीच्या जागी ठेवायचा आणि दिवस कलला की परत आणायचा. पहिल्या साली टाचा बाहेर आणि चवडे शेताकडे, पोरं काढून ठेवायची तसेच ठेवायचा. मग त्याच्या मनानं घेतलं, की शेतातून पळत येणाऱ्याला ते फिरवत बसावं लागेल. तेव्हापासून बुटांचे चवडे बाहेर असायचे. आला की पाय घालावेत आणि निघावं. बांधही त्यानं बदलला. रस्त्याचा सोडून डोंगराच्या अंगाचा धरला.

लोक हसले का? एखादा हसला असेल. पण नागूचा थोरला, जो लहानपणी पोपटीच्या शेंगांसाठी दारोदार फिरला होता, त्यानं अशा एका हसणाऱ्याला बांधावरून खाली ढकललं होतं. तेव्हापासून हसणं बंद.

एकोणपन्नासच्या माघात चांगोला खोकला लागला होता. त्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की गोठ्यातले बैल दिसेनात.

"आज नका जाऊ," सोनुबाई म्हणाली. "नागूला सांगते, तो ठेवून यील."

"त्याला कशाला? त्याला चवडे कुठं करायचे ते ठावं नाय."

"आंधळा हाय काय तो? सा वर्सं बघतोय."

"येतो जाऊन."

त्यानं तेल चोळलं, चिंधीनं पुसलं, बूट काखेत मारले आणि निघाला. शेंगा भरल्या होत्या, वेलांवर दव होतं. आपल्या वहाणा त्यानं रस्त्याच्या बांधावर काढल्या आणि अनवाणी शेत ओलांडलं. मधल्या जागेवर रात्रीतून एक ढेकूळ येऊन पडलं होतं; ते उचलून त्यानं बाजूला टाकलं. पलीकडच्या बांधावर बूट ठेवले, चवडे डोंगराकडे, आणि दिवसभर तिथंच उन्हाला बसला. दुपारी नागू शेंगा तोडायला आला. ऊन उतरलं तसा चांगो उठला, बूट झटकले, घरी आणून कोनाड्यात ठेवले, बैलांना पाणी दाखवलं का म्हणून सोनुबाईला विचारलं, आणि ती हो म्हणाली तेव्हा कांबळं ओढून आडवा झाला.