कॅपो काढल्यावर

ठाण्याच्या कोळीवाड्यात मोरूशिवाय हळद रंगत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. तीस वर्षं तो एकाच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. थिअरीचा मात्र गंध नाही. गायक सहदेव "नेहमीचंच, मोरू!" म्हणायचा, की झालं. सहदेवच्या आवाजासाठी गिटारच्या दांडीवर दुसऱ्या फ्रेटच्या पट्टीवर बसवलेला कॅपो, म्हणजे तारा दाबून सगळे सूर वर चढवणारा चिमटा, मोरूने कधी काढलाच नाही. वर आणि म्हणायचा, "सुरांची नावं शिकून काय लोणचं घालायचंय?"

सहदेव थकून घरी बसला नि ऑर्केस्ट्राचा मालक सलिल याने डोंबिवलीच्या समिधाला कीबोर्डवर आणलं. पहिल्याच हळदीत ती ओरडली, "काका, डी!" मोरूने ऐकीव माहितीवर बोटांचा डी झोकात धरला. पण कॅपो वर बसलेला ना! वाजला ई. कीबोर्ड एकीकडे, गिटार भलतीकडे. नवरीच्या मावशीचा हळदीचा हात हवेतच राहिला. पोरं फिदीफिदी हसली. मोरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

"काका, रविवारच्या हळदीत असं झालं तर मला दुसरा गिटारवाला बघावा लागेल," सलिल म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मोरू डोंबिवलीला, समिधाच्या दारात. "पोरी, मना सुरांची नावा शिकव."

समिधाने आधी कॅपो काढून बाजूला ठेवला. मग बावन्न वर्षांचा बाप्या शाळेतल्या पोरासारखा ए, बी, सी घोकत बसला. घरी बायको मंजुळा भाकऱ्या थापता थापता विचारायची, "जाड तारेवर तिसरा फ्रेट?" "जी!" चुकला की चिडायचा, गिटार विकून टाकतो म्हणायचा, आणि परत बसायचा.

रविवारी सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात धवलारीण रखमाबाई उठली. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी ती, कुणाची वाट कशाला बघेल? माईक ओढला आणि आपल्या सुरात सुरू! त्या गोंगाटात तिचा सूर सापडेना, समिधाची बोटं भांबावली. सलिलने कपाळाला हात लावला.

मोरूने डोळे मिटले. जाड तारेवर बोट सरकलं, सहाव्या फ्रेटवर थांबलं. सूर शोधायला त्याला कधीच कुणाची गरज लागली नव्हती. पण आज तो दुसऱ्याला सांगता आला.

"समिधा, बी फ्लॅट!"

कीबोर्ड लागला, ढोलकी आली, रखमाबाईने गाता गाता मान डोलावली. सलिलने मिक्सरवर गिटारचा आवाज वाढवला.