शमीमआपांच्या शपथपत्रातला लॉट नंबर

भानामती, अंगात येणं या सगळ्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून वाटलीत. तेव्हा "ही पण शेवटी त्यातलीच" असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. घडलं ते लिहितेय.

लॉच्या चौथ्या वर्षाला होते, मलकापूरला एका वकीलसाहेबांकडे इंटर्न. बीटी असूनही गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या ग्राहक मंचातल्या तक्रारी मी लिहायच्या, साहेबांनी लाल पेनानं खोडायच्या. संग्रामपूरकडच्या शमीमआपांची तक्रार अडली होती. दुकानदारानं बिलावर बियाण्याचा लॉट नंबर टाकलाच नव्हता, रिकामी पाकिटं आपांनी चुलीत घातलेली. नंबराशिवाय कंपनी म्हणणार — बी आमचं कशावरून? आणि मुदत दोन दिवसांत संपत होती.

शपथपत्रात नंबराच्या जागी टिंबं ठेवली, ओट्यावर बसून डबा खाल्ला. परत आले तर... टिंबांवर नंबर. माझ्याच अक्षरात! ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं.

"मनानं टाकला?" बाहेरून आलेले साहेब ते वाचून कडाडले. "खोटं शपथपत्र म्हणतात याले. खोड!"

"खोडते. आधी गावात जाऊन पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. आपांना मी पहिल्यांदाच भेटत होते.

"सारे जाळले ना बेटा," म्हणाल्या, मग थांबल्या. "एक असंल. त्याच्यात ते छोटी पुडी हाये ना, साध्या कपाशीची, वावराच्या कडेनं लावाची... ते नाही पेरली."

"काऊन?"

"अळीले जेवण काऊन लावू मी? अन् बी हाये, फेकवत नाही."

ज्वारीच्या कोठीतून पाकीट निघालं. शपथपत्र शेजारी धरलं. अंक न् अंक तोच. बोट ठेवून तीनदा ताडून पाहिला, खोटं कशाला सांगू.

"भूत पाह्यलं का वो वकीलीनबाई?" आपा हसल्या.

परत आल्यावर साहेब म्हणाले, अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेनं ती साधी कपाशी लावायचीच असते; न पेरलेली पुडी दिसली की कंपनी तेच धरून बसेल, पुडी काढून पाकीट लाव. खोट्या शपथपत्रावर ओरडणारे हेच! मी आपांना फोन केला.

"लाव पुडीसंग. नाही पेरली तं नाही पेरली. मले कोनं समजावलं होतं?"

लावली. मुदतीत दाखल झाली तक्रार.

तो नंबर कोणी लिहिला, अजून कळलेलं नाही. "तूच लिहून विसरलीस" म्हणणाऱ्यांनो — मी तो आधी पाहिला कुठे, तेवढं सांगा. माझ्याकडे उत्तर नाही, आणि म्हणून मी कुठे नारळही फोडणार नाही. नंबर खरा आहे. आता उत्तर कंपनीनं द्यायचंय.