‘येते’ म्हणून गेलेली

पडदेवाल्या काकूंनी जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. भांडायचं झालं तर आधी टाचण्या काढाव्या लागत, तोवर समोरचा पसार. नवरा बसचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर माणूस सुखानं पाय पसरून बसतो, यांनी परदेशात दुसरं घर घ्यायचं डोक्यात घेतलं. समुद्रकाठी, चढावर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा म्हणाला, बाबांना वेड लागलंय. काकू म्हणाल्या, ते लग्नाच्या वेळीच होतं, आता त्याला घर मिळालंय इतकंच.

घर विकणारी एक म्हातारी होती. एकटीच, म्हणून लेकीकडे राहायला चाललेली. किल्ली काकूंच्या हातात ठेवून तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि दलालाकरवी विचारलं, की निघताना तुमच्या भाषेत काय म्हणतात?

“येते,” काकू म्हणाल्या. “जाते म्हणायचं नसतं.”

दलालानं अर्थ सांगितला तेव्हा म्हातारी डोळे पुसत हसली. उंबरठ्यावर वळून म्हणाली, “येत्ते.” काकूंना कोण कौतुक वाटलं. नको तिथे शिकवणी घ्यायची खोड, दुसरं काय.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं तिथे राहिली. काकूंनी पहिल्यांदाच मन लावून स्वतःच्या घराचे पडदे शिवले. परत आल्यावर महिन्याभरात नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात निघताना दारातून नेहमीसारखं म्हणाले, “येतो.” आले नाहीत. काकू कितीतरी दिवस दाराकडे तोंड करून जेवायला बसत.

मुलाचं म्हणणं पडलं, ते घर विकून मोकळं व्हावं. काकू आवराआवर करायला एकट्याच गेल्या. पहिल्याच संध्याकाळी जिन्यात चपला ओढल्याचा आवाज आला. दार बंदच होतं, आणि खोलीच्या आत, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, “येत्ते.”

काकूंनी रात्रभर दिवा चालू ठेवला. सकाळी दलालाला गाठलं, तर म्हातारी मागच्या हिवाळ्यातच वारलेली. लेकीकडे मन रमलंच नाही म्हणे. शेवटी एकच शब्द घोकत होती, तो लेकीला काही कळला नाही.

काकूंना कळला. त्यांनी त्याच दिवशी बॅग भरली. पण संध्याकाळी चपलांच्या मागून आणखी एक पाऊल जिना चढून आलं. डावं जड, क्लच दाबून दाबून कामातून गेलेलं. मग दाराबाहेर घसा खाकरल्याचा आवाज. काकूंनी हातातली बॅग खाली ठेवली. त्यांना भीती वाटली नाही, रडू आलं. आपण तिकडे दाराकडे बघत जेवत होतो आणि हा माणूस इथे येत होता. त्यांनी मुलाला कळवलं, घर विकायचं नाही.

पण ते दाराबाहेरच थांबत. घरात परकी बाई असली की आत पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. आणि म्हातारी तर हातपाय पसरू लागली होती. सकाळी पडदे काढून घडी घालून ठेवलेले. काकू खुर्चीवर बसायला गेल्या की खुर्ची कोमट. पुढे पुढे त्यांच्या शेजारच्या, त्यांच्या नवऱ्याच्या उशीला खळगा पडू लागला. तिथे मात्र काकूंचं डोकं फिरलं.

त्यांनी जन्मात कुणाला दारातून ‘जा’ म्हटलं नव्हतं. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांनाही त्या ‘या परत’ म्हणत. त्या संध्याकाळी त्यांनी दार सताड उघडलं आणि वाट पाहिली. चपला आल्या. “येत्ते,” म्हातारी म्हणाली. जिन्यात घसा खाकरला.

काकूंनी हात जोडले. वयानं मोठी बाई, अगंतुगं कसं करायचं?

“आता तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “परत येऊ नका.”

खोली एकदम गार झाली. चपला ओढत दाराबाहेर गेल्या, जिना उतरू लागल्या. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दाराकडे बघून पदर सारखा केला.

मग डावा जड पाय एक पायरी खाली उतरला. मग आणखी एक.

काकूंना कळायला एक क्षण लागला. जन्मभर त्या नवऱ्यालाही ‘तुम्ही’च म्हणत आल्या होत्या.

“अहो,” त्या जिन्यात धावल्या. “तुम्हाला नव्हे हो. तुम्ही या.”

पावलं तळापर्यंत ऐकू आली. काकू रस्त्यावर पोचल्या तेव्हा तिथे कुणी नव्हतं.